हँग-ऑन ट्री स्टँड घेताना : पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी. या भागात काही वर्षं काढलेल्या मराठी माणसाला त्या आठवड्याचं वेगळेपण ठाऊक असतं. ऑफिसातले सहकारी रजा टाकून जंगलात गेलेले असतात आणि परतल्यावर त्यांतला एखादा म्हणतो, पुढच्या वर्षी तूही चल. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि शिकार बंद झाली. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात या विषयाची काहीच माहिती नसते. परवाना कसा काढायचा, बंदूक किंवा धनुष्य कसं चालवायचं, हे शिकवणारे वर्ग आहेत. पण झाडावर चार-सहा तास कशावर बसायचं, हे बहुतेकांना दुकानात गेल्यावरच विचारावं लागतं. तिथे साठ डॉलरपासून सहाशे डॉलरपर्यंतचे स्टँड एकाच भिंतीवर टांगलेले असतात आणि नवख्याला सगळे सारखेच दिसतात.

घाईत असलेल्यांसाठी उत्तर आधीच देतो. हँग-ऑन स्टँडमध्ये महाग असतो तो हलकेपणा. आराम त्या मानाने स्वस्त मिळतो. स्टँड हंगामभर एकाच झाडावर राहणार असेल, तर हलकेपणासाठी एक डॉलरही जास्त देऊ नका. शंभर ते दीडशे डॉलरमधला जाळीच्या बैठकीचा पोलादी स्टँड घ्या आणि वाचलेले पैसे तुम्हाला झाडाला बांधून ठेवणाऱ्या साहित्यावर खर्च करा. या उत्तरामागचा हिशोब पुढे मांडला आहे. खाली दिलेल्या किमती अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांमधल्या साधारण किमती आहेत. राज्याचा विक्रीकर त्यात धरलेला नाही, तो वेगळा लागेल. मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियात तो ६ टक्के आहे.

हँग-ऑनच का?

हँग-ऑन म्हणजे झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने किंवा साखळीने आवळून बसवायचा छोटा मचाण. एक उभा दांडा, त्यावर बैठक, खाली पाय ठेवायला प्लॅटफॉर्म आणि प्लॅटफॉर्मला दोन्ही बाजूंनी तोलून धरणाऱ्या दोन केबल, एवढीच त्याची रचना. वर चढायची सोय त्यात नसते. त्यासाठी क्लायंबिंग स्टिक्स वेगळ्या घ्याव्या लागतात. पहिल्यांदा खरेदी करणारा नेमका हाच खर्च विसरतो.

पर्याय तीन आहेत. लॅडर स्टँड म्हणजे शिडीसकट येणारा मचाण. साधारण शंभर ते दोनशे डॉलरला मिळतो आणि नवख्याला चढा-उतरायला सर्वांत सोपा. पण तो पन्नास पौंडांच्या वर जातो, उभा करायला दोन-तीन माणसं लागतात आणि एकदा लावला की हलवायचा कंटाळा येतो. क्लायंबर झाडावर स्वतःच सरकत चढतो, स्टिक्स लागत नाहीत. मात्र त्याला सरळसोट, फांद्या नसलेलं झाड हवं आणि तसं झाड नेमकं हरणांच्या वाटेवर मिळेलच असं नाही. सॅडल म्हणजे कमरेला बांधून झाडाला टेकून लटकायची झोळी. वजनाला सर्वांत हलकी, पण शिकायला वेळ लागतो आणि सगळं सामान धरलं तर स्वस्तही पडत नाही.

हँग-ऑन या तिघांच्या मधला. फांद्या असलेल्या झाडावर बसतो, फांद्यांच्या आड लपतो आणि एकट्या माणसाला लावता येतो. वयस्कर माणसाला, गुडघ्याचा त्रास असलेल्याला किंवा उंचीची भीती वाटणाऱ्याला मात्र मी लॅडर स्टँडच सुचवेन. तुम्ही त्यांपैकी असाल, तर हा लेख इथेच सोडून लॅडर स्टँडकडे वळलात तरी चालेल.

किमतीच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी ५० ते ९० डॉलरची. पोलादी सांगाडा, फोमची पातळ गादी, लहान प्लॅटफॉर्म. वजन साधारण पंधरा ते वीस पौंड. प्रमाणित असेल तर सुरक्षित असतो, पण तास-दीड तासाच्या वर त्यावर बसणं जिवावर येतं.

दुसरी पायरी १०० ते १८० डॉलरची. सांगाडा पोलादाचाच, कधी अ‍ॅल्युमिनियमचा. बैठक जाळीची किंवा जाड फोमची, बहुधा पाठ टेकायची सोय असलेली. प्लॅटफॉर्म मोठा, बैठक वर दुमडता येते. दिवसभर बसणाऱ्यासाठी आराम इथूनच सुरू होतो.

तिसरी पायरी २०० डॉलरच्या पुढची. या पायरीवर दोन वेगळ्या वाटा फुटतात. एक वाट आणखी आरामाची. मिलेनियमसारख्या कंपनीचे मोठे स्टँड या वाटेवरचे. त्यांचा 'मॉन्स्टर' घेतला तर प्लॅटफॉर्म सुमारे २४ बाय ३७ इंच असतो आणि बैठक खुर्चीएवढी रुंद. दुसरी वाट हलकेपणाची. लोन वुल्फ किंवा एक्सओपी यांचे ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे स्टँड पाठीवर टाकून मैलभर चालता येईल इतके सुटसुटीत असतात. किंमत वर चढत जाते, पण बैठक मोठी होत नाही. उलट बऱ्याचदा ती लहानच असते, कारण प्रत्येक औंस कापलेला असतो.

म्हणून महाग म्हणजे आरामदायी हे समीकरण या वस्तूला लागू पडत नाही. चारशे डॉलरच्या हलक्या स्टँडपेक्षा दीडशे डॉलरच्या जड स्टँडवर तुम्ही जास्त वेळ सुखाने बसाल. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायच्या आधी स्वतःला विचारा : हा स्टँड मी किती वेळा हलवणार आहे? मित्राच्या शेतावर किंवा ओळखीच्या खासगी रानात एका झाडावर लावून ठेवणार असाल, तर वीस पौंड एकदा उचलायचे आणि एकदा उतरवायचे. सरकारी जमिनीवर रोज नवं झाड शोधणार असाल, तरच हलकेपणाला किंमत आहे.

बैठक : बसून पाहिल्याशिवाय घेऊ नका

हरणाची शिकार म्हणजे मुख्यतः न हलता बसणं. पांढऱ्या शेपटीचं हरीण हालचाल फार चटकन टिपतं. अवघडलेला माणूस सारखा कूस बदलतो, पाय झटकतो, उठून उभा राहतो आणि दिवस वाया घालवतो. शिवाय पाय बधिर झालेला माणूस वीस फुटांवरून उतरायला लागला, तर ते धोक्याचं आहे. त्यामुळे बैठकीवर केलेला खर्च चैनीचा समजू नका.

चार गोष्टी बघा.

पहिली, उंची. अनेक स्टँडची बैठक प्लॅटफॉर्मपासून वीस-बावीस इंच उंच असते. सहा फुटी माणसाला ती बरोबर बसते. आपल्याकडच्या पाच फूट चार इंच किंवा पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाचे पाय त्यावर नीट टेकत नाहीत. बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते आणि तासाभरात पायाला मुंग्या येतात. अशांनी सोळा ते अठरा इंचांची किंवा उंची कमी-जास्त करता येणारी बैठक शोधावी. दुकानात बसल्यावर तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या पातळीत आले पाहिजेत. स्त्रियांसाठी आणि कॉलेजच्या वयातल्या मुलांसाठी ही तपासणी आणखी महत्त्वाची.

दुसरी, बैठकीचा कपडा. ताणून बसवलेली जाळी म्हणजे लहानशी विणलेली बाज समजा : अंगाच्या आकाराप्रमाणे दबते, खालून हवा खेळते, पावसाचं पाणी निथळून जातं. फोम पहिल्या दिवशी मऊ लागतो. पण तो पाणी पितो, थंडीत गोठतो आणि खार-उंदरांना त्याचे तुकडे घरट्यासाठी फार आवडतात. स्टँड हंगामभर झाडावर राहणार असेल तर जाळीच घ्या. फोमचा घेतलात तर गादी दर वेळी काढून घरी आणायची तयारी ठेवा.

तिसरी, खोली आणि पाठ. बैठकीची खोली इतकी हवी की पाठ झाडाला किंवा टेकूला लागल्यावरही मांड्यांचा बराचसा भाग बैठकीवर राहील. नुसत्या पाटासारख्या बैठकीवर सगळा भार दोन हाडांवर येतो. बुंध्याची खरबरीत साल पाठीला टोचते आणि जॅकेट त्यावर घासलं की आवाज होतो. म्हणून कापडी पाठ असलेला स्टँड दहा-वीस डॉलर जास्त देऊन घेणं योग्य.

चौथी, बैठक वर दुमडता येते का. धनुष्याने शिकार करणारे बहुधा उभं राहून बाण सोडतात. बैठक बुंध्याला सपाट लागली तर उभं राहायला जागा मिळते आणि पोटऱ्यांना अडथळा होत नाही. बंदूकवाल्याला याची गरज कमी, पण दर दोन तासांनी उभं राहून पाय मोकळे करायला त्यालाही ती सोय लागतेच.

दुकानात बसून पाहताना दोन मिनिटांत उठू नका. अंगात जाड जॅकेट घालून पंधरा मिनिटं बसा. जी गोष्ट पंधराव्या मिनिटाला किंचित खुपते, ती तिसऱ्या तासाला असह्य होते. स्टँड ऑनलाइनच घ्यायचा असेल, तर माल परत घेण्याची अट आधी वाचा आणि घरच्या अंगणात, जमिनीपासून फूटभर उंचीवर बांधून बसून पाहा.

प्लॅटफॉर्म, आवाज आणि गारठा

प्लॅटफॉर्मची लांबी-रुंदी खोक्यावर लिहिलेली असते. २० बाय २६ इंचांच्या आसपासचा प्लॅटफॉर्म नवख्याला अरुंद वाटतो. मागे बुंधा, पुढे पोकळी आणि वळायला जागा नाही. २४ बाय ३० इंचांवर बूट घालून बिनधास्त फिरता येतं. त्याहून मोठा असेल तर चांगलंच, फक्त वजन वाढतं. पुढे पाय टेकवायची दांडी असेल तर गुडघ्यांचा कोन बदलता येतो आणि दिवसभर बसणाऱ्याला तिचा मोठा आधार होतो. बैठक आणि प्लॅटफॉर्म दोन्ही समतल करता येण्याची सोय असली तर किंचित कललेलं झाडही चालतं. अगदी सरळ झाडं कमी असतात, त्यामुळे ही सोय वाटते त्याहून जास्त उपयोगी पडते.

स्वस्त स्टँडची खरी उणीव आवाजात कळते. पहाटे तापमान शून्याखाली असताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं की सांध्यातून कर्रकन आवाज येतो आणि शांत रानात तो दूरवर जातो. दुकानात स्टँड उघडून प्लॅटफॉर्म वर-खाली करा, बैठक दुमडा, कान देऊन ऐका. धातूवर धातू घासत असेल तर सांध्यात नायलॉनचे वॉशर नाहीत असं समजा. केबलवर प्लॅस्टिकचं आवरण आहे का तेही बघा. हार्डवेअरच्या दुकानातले नायलॉनचे वॉशर आणि थोडी कापडी चिकटपट्टी यांनी पाच-सात डॉलरमध्ये बराच आवाज बंद करता येतो. मात्र कंपनीचा बोल्ट बदलू नका आणि नटही काढून ठेवू नका.

गारठा खालून येतो. धातूच्या जाळीदार प्लॅटफॉर्मवरून बुटाची उष्णता निघून जाते. जुन्या गालिच्याचा किंवा योगासनाच्या चटईचा तुकडा पायाखाली बांधला तर पाय गरम राहतात आणि बुटांचा आवाजही दबतो. पंधरा ते तीस डॉलरची उबदार उशी बैठकीवर टाकली की डिसेंबरातही बसता येतं.

वजनमर्यादा

बहुतेक स्टँडवर ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो ही मर्यादा लिहिलेली असते. काही मोठ्या स्टँडना ती ३५० पौंड असते. या आकड्यात तुमच्यासकट तुमचे कपडे, बूट, बंदूक किंवा धनुष्य, पाठीवरची पिशवी, थर्मास सगळं धरायचं. दोनशे पौंडांचा माणूस हिवाळी सामानासह सहज दोनशे पस्तीस-चाळीसवर जातो. अडीचशे पौंडांच्या माणसाने ३०० च्या मर्यादेवर समाधान मानू नये.

खोक्यावर दुसरी खूण शोधा ती टीएमएची, म्हणजे ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनच्या मानकांना उतरल्याची. ती नसलेला स्टँड कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. या खुणेचा आर्थिक फायदाही आहे : अशा नव्या स्टँडच्या खोक्यात पूर्ण अंगाचा हार्नेस सोबत येतो.

खरा खर्च : पूर्ण संचाचा

स्टँडच्या किमतीवर थांबू नका. झाडावर सुरक्षित बसायला लागणारं सगळं सामान एकत्र मांडून बेरीज करा. हार्नेस स्टँडसोबत येतो, म्हणून तो यादीत नाही. लाइफलाइन आणि लाइनमनचा दोर म्हणजे काय, ते पुढच्या भागात येईल.

पहिला संच, कमीत कमी खर्चाचा :
- पोलादी स्टँड, साधी बैठक : ६० ते ९० डॉलर
- पोलादी स्टिक्स, सुमारे २० फूट : ६० ते ९०
- लाइफलाइन : ३० ते ४०
- लाइनमनचा दोर : २५ ते ४०
- सामान वर ओढायची दोरी, आकडे : १५
- बैठकीवर टाकायला उशी : २० ते ३०
- एकूण : २१० ते ३०५ डॉलर

दुसरा संच, एका झाडावर आरामात बसणाऱ्याचा :
- पोलादी स्टँड, जाळीची बैठक, मोठा प्लॅटफॉर्म : १०० ते १५०
- पोलादी स्टिक्स : ६० ते ९०
- लाइफलाइन, लाइनमनचा दोर, ओढायची दोरी, आकडे : ७० ते ९५
- एकूण : २३० ते ३३५ डॉलर

तिसरा संच, सरकारी जमिनीवर फिरणाऱ्याचा :
- हलका अ‍ॅल्युमिनियम स्टँड : १८० ते २८०
- अ‍ॅल्युमिनियमच्या स्टिक्स : १५० ते २५०
- लाइफलाइन, दोर, दोरी, आकडे : ७० ते ९५
- पाठीवर न्यायचे पट्टे : २० ते ३०
- एकूण : ४२० ते ६५५ डॉलर

पहिल्या आणि दुसऱ्या संचातला फरक वीस ते तीस डॉलरचा आहे. स्वस्त स्टँडवर उशी टाकून तो बसण्याजोगा करायचा म्हटलं, की चांगल्या बैठकीच्या किमतीजवळ आपण आपोआप पोहोचतो आणि तरीही प्लॅटफॉर्म लहानच राहतो. म्हणून सर्वांत स्वस्त स्टँड घेण्यात बचत नाही. तिसऱ्या संचात वाढलेले दोनशे-तीनशे डॉलर जवळजवळ सगळे वजन कमी करण्यात गेले आहेत. पाठीवर वाहायचं नसेल, तर त्यातून काहीच हाती लागत नाही.

जिथे हात आखडता घ्यायचा नाही

स्टँडसोबत आलेला हार्नेस काम करतो, पण घालायला किचकट असतो. पट्टे गुंततात, पहाटेच्या अंधारात कुठला पाय कुठे घालायचा कळत नाही आणि मग माणूस तो गाडीतच ठेवून जातो. जॅकेटसारखा घालता येणारा हार्नेस ८० ते १५० डॉलरला मिळतो. सोबत आलेला हार्नेस तुम्ही खरोखर प्रत्येक वेळी घालणार असाल तर नवा घेऊ नका. नसाल, तर इतर सगळं बाजूला ठेवून आधी हा खर्च करा. हार्नेस मापाप्रमाणे मिळतात, म्हणून वजन आणि छातीचा घेर बघूनच घ्या. लेबलवर उत्पादनाची तारीख असते. तिथून पाच वर्षांनी तो बाद समजायचा, वापर कितीही कमी झालेला असो.

लाइफलाइन ही स्टँडच्या वर बांधून बुंध्याच्या तळापर्यंत आणलेली दोरी. तिच्यावर प्रुसिक गाठ सरकते आणि हार्नेस त्या गाठीला अडकवायचा. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत माणूस झाडाला बांधलेला राहतो. चढताना, उतरताना आणि स्टिकवरून प्लॅटफॉर्मवर पाऊल टाकताना पडण्याचा धोका मोठा असतो आणि नुसता वर जाऊन अडकवलेला हार्नेस त्या वेळी उपयोगाचा नसतो. तीन-चार झाडांवर लावायच्या असतील, तर लाइफलाइनचा तिनाचा संच स्वस्त पडतो.

लाइनमनचा दोर कमरेच्या दोन्ही बाजूंना अडकवून झाडाभोवती घ्यायचा. त्याने दोन्ही हात मोकळे राहतात. स्टँड बांधताना तो नसेल, तर एका हाताने झाड धरून दुसऱ्या हाताने वीस पौंडांचं लोखंड पेलावं लागतं. त्याच्याशिवाय स्टँड लावू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

पडल्यावर हार्नेसमध्ये फार वेळ लटकत राहिलं तर मांडीवरच्या पट्ट्यांनी रक्तप्रवाह अडतो आणि जिवावर बेतू शकतं. त्यासाठी पाय ठेवून उभं राहता येईल असा छोटा फासा हार्नेसलाच जोडलेला असतो. तो कुठे आहे आणि कसा उघडायचा, हे घरीच शिकून ठेवा. फोन खिशात ठेवा, पिशवीत नको. आणि कुठल्या झाडावर बसणार आहात, किती वाजता परतणार आहात, हे घरच्यांना सांगूनच निघा.

झाड निवडणं आणि स्टँड बांधणं

स्टँडच्या माहितीपुस्तिकेत झाडाचा व्यास दिलेला असतो, बहुधा ९ ते २० इंचांच्या दरम्यान. झाड जिवंत, सरळ आणि निरोगी हवं. मिडवेस्टमध्ये अ‍ॅशच्या झाडांपासून दूर राहा. एमराल्ड अ‍ॅश बोअरर हा हिरवा भुंगा २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात सापडला आणि त्याने तेव्हापासून कोट्यवधी अ‍ॅश मारले. मेलेला अ‍ॅश उभा दिसतो, पण आतून ठिसूळ झालेला असतो. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. तिच्यात स्टँडचे दात नीट रुतत नाहीत आणि आवाजही होतो. ओक आणि मेपल ही भरवशाची झाडं.

पंधरा ते वीस फूट उंची पुरते. बांधायचा क्रम असा : आधी हार्नेस आणि लाइनमनचा दोर, मग एकेक स्टिक, मग दोरीने स्टँड वर ओढणं, वरचा पट्टा आवळणं, प्लॅटफॉर्म खाली दाबून दात सालीत रुतवणं आणि शेवटी खालचा पट्टा. वरची स्टिक प्लॅटफॉर्मच्या वर जाईल अशी लावा, म्हणजे प्लॅटफॉर्मवर उतरून पाऊल टाकता येतं, खालून स्वतःला ओढून घ्यावं लागत नाही. दोन हात, दोन पाय या चारांपैकी तीन नेहमी टेकलेले हवेत. बंदूक रिकामी करून दोरीने मागाहून वर ओढायची, खांद्यावर घेऊन चढायचं नाही.

हंगाम संपला की स्टँड उतरवा, निदान पट्टे तरी सैल करा. झाड वाढतं आणि वाढताना पट्टा व केबल ताणतं. ऊन-पावसाने पट्ट्याचं कापड कुजतं, खारी ते कुरतडतात. साधारण दर दोन वर्षांनी पट्टे बदलावेत. वीस-पंचवीस डॉलरचा हा खर्च बजेटमध्ये धरूनच ठेवा.

जुना स्टँड आणि खरेदीची वेळ

जुना स्टँड निम्म्या किमतीत मिळतो, आणि सांगाडा बरा असेल तर घ्यायलाही हरकत नाही. पण वेल्डिंगच्या जागी तडा, वाकलेला दांडा, केबलचे सुटलेले धागे किंवा आवरणाखाली गंज दिसला तर परत फिरा. मॉडेलचं नाव ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर टाकून तो माघारी बोलावलेला नाही ना, हे तपासा. पट्टे आणि हार्नेस जुने मिळाले तरी वापरू नका. नवे घेतल्यावर जुन्या स्टँडमधली बचत बऱ्याचदा तीस-चाळीस डॉलरवर येते.

नवा स्टँड जानेवारी-फेब्रुवारीत, हंगाम संपल्यावर घेणं सर्वांत फायद्याचं. तेव्हा दुकानं जागा मोकळी करत असतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पूर्ण किंमत पडते. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातल्या सवलती चांगल्या असतात, पण आवडलेलं मॉडेल उरलेलं असेलच असं नाही. हिवाळ्यात घेतलात तर उन्हाळ्यात अंगणात सराव करायला वेळही मिळतो.

नियमांची चौकट

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत आणि ते दर वर्षी वाचावे लागतात. मिशिगनमध्ये सरकारी जमिनीवरच्या स्टँडवर मालकाची ओळख दिसेल अशी लिहावी लागते. बऱ्याच राज्यांत सरकारी जमिनीवरच्या झाडात खिळा किंवा स्क्रू ठोकायला मनाई आहे, त्यामुळे स्क्रूच्या पायऱ्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. स्टँड रात्रभर झाडावर ठेवता येतो का, हेही जागेनुसार बदलतं. ठेवता येत नसेल तर तुमचा संच आपोआप तिसरा ठरतो. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लेखी घ्या.

शिकारीचं प्रशिक्षण बहुतेक नवख्यांना सक्तीचं आहे. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते करावंच लागतं. बंदुकीच्या हंगामात झगझगीत, बहुधा भगव्या-नारिंगी रंगाचे कपडे घालावे लागतात. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी : अशा व्हिसावर बंदूक आणि काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद आहे. बंदुकीला हात लावण्याआधी परवाना काढा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. धनुष्य या कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही, त्यामुळे अनेकजण सुरुवात त्यानेच करतात.

माझा सल्ला

पहिल्या हंगामासाठी एकच स्टँड घ्या : जाळीची, तुमच्या उंचीला बसणारी बैठक, २४ बाय ३० इंचांच्या आसपासचा प्लॅटफॉर्म, किमान ३०० पौंडांची मर्यादा आणि टीएमएची खूण. पोलादाचा चालेल. पूर्ण संचासाठी तीनशे ते साडेतीनशे डॉलर बाजूला काढा. पैसे कमी पडत असतील तर अ‍ॅल्युमिनियम सोडा, ब्रँडचं नाव सोडा, एक हंगाम थांबून हिवाळ्यातल्या सवलतीत घ्या. पण लाइफलाइनशिवाय झाडावर चढू नका, आणि लाइफलाइन परवडत नसेल तर त्या वर्षी जमिनीवरच बसा.